हसकेलमामांची दहा माणसं

हसकेलमामा माणसं मोजत नसत. पस्तीस वर्षं त्यांनी बसवर कंडक्टरकी केली. पनवेल ते पेण, पनवेल ते उरण. गाडीत किती डोकी चढली ते नुसत्या नजरेनं सांगायचे. पण सिनेगॉगच्या, म्हणजे त्यांच्या प्रार्थनाघराच्या, दारात उभे राहिले की तोंडातून आकडा काढायचे नाहीत. त्यांच्यात माणसांना आकड्यानं मोजत नाहीत. आणि मोजावं तर लागायचंच, कारण दहा पुरुष जमल्याशिवाय त्यांची मोठी प्रार्थना होत नाही. मग मामा एक हिब्रू ओळ म्हणायचे. बरोबर दहा शब्दांची. एकेका माणसाकडे बघत एकेक शब्द. ओळ पुरी झाली की दहा झाले. मध्येच अडली की मामा दारातून गल्लीकडे बघत उभे.

मी एकदा विचारलं, "मामा, त्या ओळीचा अर्थ काय?"

"देवा, तुझ्या माणसांना वाचव. असंच काहीसं."

"आणि ओळ अर्धवट राहिली तर?"

"तर तो तरी काय करील बाय? अर्धवटच वाचवणार."

मामा बेने इस्राएल होते, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. घरात बोलणं मराठी, जेवणात नारळ नि मासे. त्यांचे पूर्वज गावोगाव तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून जुने लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. पनवेलच्या आळीत मामांची दोन खोल्यांची जागा होती. नोकरीतून निवृत्त झाल्यावर सिनेगॉगच्या किल्ल्या त्यांच्याकडे आल्या. दिवे, झाडलोट, कोण आलं, कोण आजारी, सगळं तेच बघायचे. मी त्यांच्याकडे चौदा वर्षं घरकामाला होते आणि सिनेगॉगही झाडायचे. मी ख्रिस्ती, माहेर जालन्याकडचं. नवऱ्याला तळोज्याच्या कारखान्यात काम लागलं म्हणून इकडे आले.

शनिवारी मामा विस्तव पेटवत नसत, बटण दाबत नसत, आणि दुसऱ्याला 'दाब' असंही सांगत नसत. सांगितलं तर ते स्वतः केल्यासारखंच, म्हणायचे. म्हणून शनिवारी मी कामावर आले की मामा भिंतीशी बोलायचे.

"काय गारठा पडलाय आज."

एप्रिल महिना, अंगाला धारा लागलेल्या. मी गॅस पेटवून चहा ठेवायचे.

पहिल्या वर्षी मला हे माहीत नव्हतं. ते म्हणाले, "खोलीत अंधार वाटतोय." मी म्हटलं, "हो मामा, आभाळ आलंय," आणि भांडी घासायला बसले. मामा तासभर अंधारात बसून राहिले. शेवटी शेजारच्या फ्लोरा आंटी खिडकीतून ओरडल्या, "अगं मार्था, दिवा लाव! त्यांना बोलता येत नाही आणि तू हवा सांगत बसलीयेस!"

मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला तेव्हा त्यांनी मला त्यांचं प्रार्थनेचं पुस्तक वाचायला बसवलं. एका पानावर हिब्रू, समोरच्या पानावर मराठी. मराठी मी अडखळत वाचायचे. माझी शाळा चौथीपर्यंतची. मामांना पाठच होतं, पण म्हणायचे, "दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की कळतं, आपण काय बोलतो ते." त्यात मोठ्या उपासाच्या दिवशीची कबुली होती. त्या सणाला बाकीचे ज्यू किप्पूर म्हणतात. मामा जुनं नाव घ्यायचे, दारफळणीचा सण. दारफळणी म्हणजे दार बंद होणं. वर्षभराचा हिशेब त्या संध्याकाळी पुरा होतो आणि दार लागतं. कोण आत, कोण बाहेर, ते तेव्हा ठरतं.

वाचता वाचता मी थांबले. "मामा, ह्यात सगळीकडे 'आम्ही' आहे. आम्ही फसवलं, आम्ही लुटलं, आम्ही खोटं बोललो. तुम्ही कधी कुणाला लुटलंत?"

"नाय."

"मग?"

तेव्हा त्यांनी मला पेणच्या रस्त्यावरची गोष्ट सांगितली. नोकरीची पहिली वर्षं. एक म्हातारी गाडीतून उतरत होती. तिचा एक पाय पायरीवर, एक खाली, आणि मामांनी घंटी मारली. गाडी हलली, म्हातारी पडली, कंबरेचं हाड मोडलं. चौकशी लागली. ड्रायव्हर होता म्हात्रे म्हणून, उरणकडचा. त्याची काही चूक नव्हती. घंटी ऐकून त्यानं गाडी सोडली. साहेबांनी विचारलं, चूक कुणाची? मामा खाली बघत उभे. म्हात्रे म्हणाला, "आमची."

साहेब म्हणाले, "आमची म्हणजे कुणाची? एकाचं नाव सांग."

"एकाचं नाय साहेब. गाडी आमी दोगं चालवतो. तो मागं, मी पुडं. चूक आमची."

दोघांचीही सहा महिने पगारवाढ थांबली, नोकरी कुणाचीच गेली नाही. दोघं मिळून म्हातारीच्या घरी जात राहिले, ती काठी घेऊन चालायला लागेपर्यंत.

"मी लहानपणापासून 'आम्ही, आम्ही' म्हणत छाती बडवत होतो," मामा म्हणाले. "त्याचा अर्थ मला एका आगऱ्यानं शिकवला. ज्यानं केलं तो घोळक्यात उभा राहतो, आणि ज्यानं नाय केलं तो त्याला आडोसा देतो."

मी तेव्हा फार धीर करून म्हटलं, "आमचे पास्टर म्हणतात, देवासमोर प्रत्येकाला एकट्यानंच उभं राहायचंय. आईचा विश्वास लेकीला चालत नाही. ज्याचा त्याचा."

मी हे उगाच म्हटलं नव्हतं. माझा नवरा प्यायचा तेव्हा घरातलं कुणी माझ्या बाजूचं नव्हतं. तेव्हा मला देवाची जी हाक ऐकू आली ती मला एकटीलाच आली होती.

मामांनी माझ्या हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "खरं असेल. पण मला एकट्यानं त्याच्यासमोर उभं राहायची भीती वाटते बाय. घोळक्यात बरं असतं."

त्यांचा एकुलता एक मुलगा बेनी. तळोज्याला केमिकल कंपनीत ऑपरेटर, राहायला बेलपाड्याला. बायको, एक मुलगी नेहा. आठवड्याला बापाकडे चक्कर व्हायची. बापासारखाच उंच, पण घाईचा.

नेहा सहा वर्षांची असताना तिचा ताप डोक्यात गेला. शनिवार होता. मामा शनिवारी फोन घेत नसत म्हणून बेनीनं माझ्या फोनवर केला. "मार्थाताई, बाबांना लगेच पाठवा. डॉक्टर काही बोलत नाहीयेत."

मी मामांना सांगितलं. मामा उठले, टोपी घातली, चपला अडकवल्या आणि निघाले. मला वाटलं रिक्षा स्टँडकडे जातील. जीव जायची वेळ असली की शनिवारचे नियम बाजूला ठेवतात, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. पण ते गल्लीत आत वळले. पहिलं दार वाजवलं. मग दुसरं. मी म्हटलं, "मामा, दवाखाना!"

"तिथं जाऊन मी एकटा काय करू? मी डॉक्टर हाय? मला माणसं पाहिजेत."

दुपारपर्यंत ते पायी फिरत होते. आळीतले, बाजारातले, पुलापलीकडच्या नव्या सोसायटीतले. कुणी झोपलेला, कुणी जेवत असलेला, त्याला उठवून आणलं. दहा जमवले. सिनेगॉगमध्ये भिंतीत एक मोठं कपाट असतं, त्यात तोराच्या, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या ठेवतात. ते कपाट उघडून दहा जणांनी नेहाचं नाव घेऊन प्रार्थना केली.

मी तोपर्यंत दवाखान्यात पोचले होते. आमच्या सभेच्या पास्टरांना मीच फोन केला होता. आमची सभा बेलपाड्यालाच भरते, त्यामुळे ते आणि चार जण लगेच आले. बेनी कॉरिडॉरमध्ये एकटा उभा होता.

"बाबा कुठे?"

"माणसं जमवतायत."

तो हसला. ते हसू बघवेना म्हणून मी दुसरीकडे पाहिलं.

मामा सूर्य मावळल्यावर आले. पोरीनं चार वाजता डोळे उघडले होते. मामांचा चेहरा एकदम फुलला. "चारला? अरे, चारलाच आम्ही तिचं नाव घेतलं!"

बेनी शांतपणे म्हणाला, "चारला माझा हात पास्टरांच्या हातात होता बाबा."

दोघांच्या मधोमध मी थर्मास धरून उभी होते. आतून नेहाच्या आईनं हाक मारली म्हणून सुटले.

तीन महिन्यांनी एका फार्महाऊसच्या टाकीत बेनीनं बाप्तिस्मा घेतला. बापाला त्यानं स्वतः येऊन सांगितलं, लपवलं नाही. मी आत पीठ मळत होते.

"तुमच्या देवाला दहा माणसं लागतात बाबा. त्या दिवशी माझ्याकडे एक पण नव्हता. मी एकट्यानं हाक मारली, आणि त्यानं ऐकलं."

"तू एकटा नव्हतास."

"कॉरिडॉरमध्ये मी होतो बाबा. तुम्ही नव्हता."

 बेनी गेला. नंतर कितीतरी वेळ मामा जिन्याकडे तोंड करून बसले होते.

शमुवेल अंकल म्हणजे त्यांच्या मंडळींचे प्रमुख. शिस्तीचे. त्यांची दोन्ही मुलं इस्राएलला जाऊन राहिली, घरात ते आणि बायको. ते आले आणि उभ्यानंच म्हणाले, "हसकेल, जुनी रीत तुला माहीत आहे. पोरगा असा गेला की बापानं सात दिवस जमिनीवर बसायचं. मेला समजायचं."

"मेलेल्याची पोरगी काल मला फोनवर पाढे म्हणून दाखवत होती," मामा म्हणाले. "सातचा चुकली. जिवंत माणसाचं सुतक मी धरणार नाय, शमुवेल."

धरलं नाही, पण बेनीशी बोलणंही राहिलं नाही. नेहाचा फोन यायचा तेवढाच. बेनी आळीत पाऊल टाकत नव्हता. आणि मामा माझ्याशीही बोलेनात. पास्टरांना फोन मी केला होता, हे त्यांना माहीत होतं. अकरा दिवस मी जाऊन काम करून येत होते. जेवण वाढलं की जेवायचे. मी रोज ठरवायचे, आज सांगतील, उद्यापासून येऊ नकोस. बाराव्या दिवशी शनिवार होता. मी दार लोटून आत गेले. मामा भिंतीकडे बघून म्हणाले, "काय गारठा पडलाय."

चहात मी साखर दोनदा घातली.

अशी दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत त्यांच्यातली माणसंही कमी होत गेली. एक कुटुंब इस्राएलला, एक ठाण्याला मुलीकडे, दोन म्हातारे वारले. मामांची ओळ आठव्या, नवव्या शब्दावर अडायला लागली. फाटकाशी बंदोबस्ताला एक पोलीस असतो, घरत म्हणून, उरणकडचा. तो मामांची चेष्टा करायचा. "मामा, मी बसू काय दहावा? टोपी हाय माज्याकडं."

"तू बाहेरच बरा. तू आत आलास तर आम्हाला सांभाळणार कोण?"

दारफळणीच्या सणाला मात्र चाळीस वर्षांत कधी दहाला कमी पडलं नव्हतं. पेणहून दोघांना आधी दोन दिवस आणून घरात ठेवायचे. गेल्या साली तसेच ठेवले आणि बरोबर दहा झाले. त्यांचा उपास म्हणजे आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत पाणीसुद्धा नाही. पांढरे कपडे, कापडी चपला. फोन नाही, वाहन नाही. पंखे-दिवे बघायला मी दिवसभर अंगणात बसून असायचे.

दुपारी साडेतीनच्या सुमाराला आत गलका झाला. दहातले डॅनियल अंकल पडले. त्यांना साखरेचा त्रास, आणि कुणाचं न ऐकता उपास धरलेला. मी पळत जाऊन रिक्षा आणली. त्यांची बायको आणि सून त्यांना घेऊन गेल्या. सावध होते, पण परत येण्यासारखे नव्हते.

आता शेवटची प्रार्थना राहिली होती, दार लागायच्या वेळची. त्या वेळी कपाट उघडून ठेवतात आणि सगळे उभे राहतात. दहा नसले तर कपाट बंदच राहतं आणि ज्यानं त्यानं आपापलं पुटपुटायचं. आतून मामांचा आवाज आला. ती ओळ. नऊ शब्द झाले आणि आवाज थांबला. मला इतक्या वर्षांत तो दहावा शब्द पाठ झाला होता.

मामा अंगणात आले. पांढरा सदरा, ओठांवर पापुद्रे. माझ्याकडे पाहिलं नाही. फाटकाकडे बघून म्हणाले, "बेलपाड्याहून यायला किती वेळ लागत असेल?"

मला लगेच कळलं. मी साधा दुकानात भाव विचारायला लाजणारी बाई. बेनीला बोलावलं तर शमुवेल अंकल मला काढून टाकतील. आमच्या सभेत म्हणतील, सुटलेल्याला मार्थानं परत ओढला. आणि बेनी नाही म्हणाला तर मामांना ते मीच सांगायचं.

"ते रस्त्यावर आहे मामा," मी म्हटलं. "गर्दीवर."

मामा हलले नाहीत. "पहिली पाळी तीनला सुटते," त्यांनी फाटकाला सांगितलं आणि आत गेले.

घरत खुर्चीतून उठून बघायला लागला. "मामा कुनाशी बोलतान?"

मी भिंतीच्या आड जाऊन फोन लावला.

"बाबांनी सांगितलं?" बेनीनं विचारलं.

"नाही. त्यांना सांगता येत नाही."

"मग?"

"फाटकाशी बोलले."

तो त्याच घरात वाढलेला. पुढचं विचारावं लागलं नाही. फक्त म्हणाला, "काय बोलले?"

मी सांगितलं.  तो म्हणाला, "ताई, मी जे मानतो ते सोडणार नाही."

"तसं काही ते बोलले नाहीत. किती वेळ लागेल, एवढंच."

फोन बंद झाला. येतो म्हणाला नाही, येत नाही म्हणाला नाही. मी आत कुणाला काय सांगणार? ऊन भिंतीवरून वर सरकत होतं. पाच वाजले. साडेपाच झाले. आतले आवाज बारीक झाले होते. पेणचे दोघे दर थोड्या वेळानं दारात येऊन गल्ली बघून जात.

पावणेसहाला तो आला. मोटरसायकल त्यानं कोपऱ्यावर बंद केली आणि ढकलत आणून भिंतीला लावली. त्या दिवशी आळीत गाडीचा आवाज करत नाहीत. कंपनीचा निळा शर्ट अंगात. दारातल्या पेटीतली टोपी घेऊन डोक्यावर ठेवली आणि उंबऱ्याशी थांबला.

शमुवेल अंकल पुढे आले. "ह्याला कुणी बोलावलं?"

 मला वाटलं आता माझं नाव निघणार.

"हा बाटलाय. ह्याला धरून दहा होत नाहीत."

मामा म्हणाले, "काल संध्याकाळी आपण सगळ्यांनी काय म्हटलं शमुवेल? उपासाच्या सुरुवातीला? चुकलेल्यांच्या बरोबर उभं राहून प्रार्थना करायची आम्हाला परवानगी आहे. म्हटलं की नाय? का नुसतंच म्हटलं?"

"ती परवानगी आपल्या लोकांसाठी आहे."

"मग हा कुणाचा?"

"हसकेल, आपण मूठभर उरलोय ते दार घट्ट लावत आलो म्हणून. आज हा. उद्या कुणाला अडवशील?" शमुवेल अंकलचा आवाज चिरकला. चोवीस तासांचा उपास त्यांनाही होता. "तो आत येणार असेल तर मी बाहेर." आणि ते खरंच अंगणात आले.

बेनी म्हणाला, "बाबा, मी जातो. माझ्यावरून नको."

"थांब तिथं," मामा म्हणाले. त्यांनी त्याच्या दंडाला धरून त्याला उंबऱ्याच्या आत घेतला आणि स्वतः बाहेर आले. दोघं म्हातारे अंगणात समोरासमोर. मी आणि घरत भिंतीला चिकटून.

"शमुवेल, तू आत जा. कुणी बाहेर राहायचंच असेल तर मी राहतो."

"मग दहा कुठून होणार?"

"नाय होणार."

"चाळीस वर्षं तू..."

"नाय होणार, म्हटलं ना. पण दार लागताना तो आत असेल. मला तेवढं पुरे." एवढं बोलून मामा पायरीवर बसले.  घरतनं धावत आपली खुर्ची आणली. मामांनी हातानं नको म्हटलं.

 भिंतीवरचं ऊन संपलं. आत सगळे दारात गोळा झालेले, त्यांत बेनीचा निळा शर्ट.

"ऊठ," शमुवेल अंकल म्हणाले. "ऊठ म्हणतो ना. ह्या वयात नाटकं." त्यांनी मामांच्या कोपराला धरून ओढलं. "मी त्याच्याकडे बघणार नाही."

"नको बघूस."

"आणि हा एका दिवसाचा पाहुणा आहे. उद्या येणार नाही."

"नसेल येत."

"चल. उजेड जातोय."

दोघं एकमेकांना धरून आत गेले. मामांनी ती ओळ म्हटली नाही. सरळ जाऊन कपाट उघडलं.

मी खिडकीतून बघत होते. मूठ छातीवर मारत सगळे कबुली म्हणत होते. आम्ही, आम्ही, आम्ही. हिब्रूत होतं, पण मी ते वाचलेलं होतं. बेनीची मूठ वर गेली की नाही, मला दिसलं नाही. शमुवेल अंकलची पाठ मध्ये होती. मी माझ्या जागी माझी प्रार्थना करत होते, आणि ती कुणासाठी करायची ते ठरेना, म्हणून सगळ्यांसाठीच केली.

सण संपल्याचं शिंग वाजलं, उपास सुटला. बेनी सगळ्यांत आधी बाहेर आला. मामा त्याच्या मागून.

"जेवलास?"

"दुपारीच जेवलो बाबा. माझा उपास नव्हता."

"बरं."

बेनी मोटरसायकलपर्यंत गेला आणि परत आला. "त्या शनिवारी तुम्ही यायला पाहिजे होतं."

"हो."

"दहा नसते तरी चाललं असतं. तुम्ही एकटे आला असतात तरी."

"हो," मामा म्हणाले.  बेनी गाडी ढकलत कोपऱ्यापर्यंत गेला.

त्यानंतर आठवड्यानं मी मुलीच्या बाळंतपणासाठी जालन्याला गेले आणि मामा माझ्या माघारी वारले. त्यामुळे माझ्यापुरते मामा शेवटचे दिसले ते त्या मधल्या रविवारी, बेलपाड्याला.

आमची सभा दुकानांच्या वरच्या हॉलमध्ये भरते. बाहेर गच्चीवर चपला काढायच्या. त्या दिवशी प्रार्थना चालू होती. आमच्यात सगळे एकाच वेळी मोठ्यानं प्रार्थना करतात, पण ज्याची त्याची वेगळी. कुणी आजारासाठी, कुणी नोकरीसाठी, कुणी रडत, कुणी हात वर करून. मी दाराशी बसले होते. बाहेर पाहिलं तर मामा. डोक्यावर टोपी, इस्त्रीचा सदरा. जिना चढून धापा टाकत होते. मी उठून प्लास्टिकची खुर्ची दिली.

"आत या मामा."

"नको बाय. इथं बरं."

चपलांच्या ढिगाशेजारी ते बसले, हॉलकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून. थोडा वेळ आतला गोंगाट ऐकला. मग म्हणाले, "इतकी माणसं, आणि सगळे वेगवेगळं बोलतायत. त्याला ऐकू कसं येतं?"

"येतं मामा."

"येत असेल."

मी बेनीला खूण केली. तो अनवाणीच बाहेर आला. बापाला बघून दारातच थांबला.

"बाबा? काय झालं? बरं नाही का?"

"काय नाय. संपलं तुमचं?"

"अजून अर्धा तास आहे."

"मग जा आत."

"तुम्ही कसे आलात? कुणी आणलं?"

"कुणी नाय. बसनं आलो, एकटा." मामांनी सदऱ्याची बाही सारखी केली. "तू जा. मी आहे इथं."